मातेची गर्भावस्था आणि संततीचे वर्तन : एका शास्त्रीय प्रश्नाचा इतिहास

गर्भवती प्राण्याच्या शारीरिक व मानसिक अवस्थेचा तिच्या संततीच्या स्वभावावर काही परिणाम होतो काय, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. मनुष्यसमाजाने त्याचे होकारार्थी उत्तर इतक्या प्राचीन काळापासून गृहीत धरले आहे की, त्यासाठी पुराव्याची अपेक्षा दीर्घकाळ कोणी केलीच नाही. सतराव्या शतकापर्यंत हे उत्तर विद्वानांनाही मान्य होते. अठराव्या शतकात त्यास आव्हान मिळाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते शास्त्राच्या क्षेत्रातून जवळजवळ हद्दपार झाले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तो प्रश्न प्रयोगशाळेत पुन्हा दाखल झाला. तथापि जी कल्पना हद्दपार झाली तीच परत आली, असे मानणे यथार्थ होणार नाही. मातेच्या मनातील प्रतिमा गर्भावर उमटते, ही जुनी कल्पना होती. मातेच्या शरीरातील रासायनिक स्थिती गर्भाच्या घडणीत भाग घेते, ही नवी कल्पना आहे. या दोहोंमधील अंतर कसे पडत गेले हे पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. अपत्यास मातेकडून मिळणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात: बीजातून आलेल्या, गर्भाशयात लाभलेल्या आणि जन्मानंतरच्या संगोपनातून मिळालेल्या. या तिन्ही वाटण्या एकमेकींपासून वेगळ्या करण्याचे साधन जसजसे हाती आले, तसतसा हा प्रश्न शास्त्रीय होत गेला.

१. प्राचीन विचार

भारतीय वैद्यकाने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची घडण सहा भावांपासून होते असे सांगितले आहे: मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज, रसज आणि सत्त्वज. यांत मातेकडून आलेला अंश आणि आहाररसातून आलेला अंश हे निरनिराळे मोजले आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्यामुळे स्त्री द्विहृदया, अर्थात 'दौहृदिनी', होते असे प्रतिपादन आहे. तिची इच्छा अपुरी राहिल्यास अपत्य कुब्ज, पंगू किंवा जड निपजते, आणि तिला ज्या पदार्थाची इच्छा होते त्यावरून अपत्याचा स्वभाव ओळखता येतो, असेही तेथे म्हटले आहे. महिषमांसाची इच्छा झाल्यास मूल शूर व आरक्त नेत्रांचे होते, हे त्यांपैकी एक उदाहरण. मराठीतील 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दाचाच वंशज असून, डोहाळजेवणाच्या रूपाने ही कल्पना महाराष्ट्राच्या घराघरांत टिकून राहिली आहे. सुभद्रेच्या उदरात असताना अभिमन्यूने चक्रव्यूहभेदाचे अर्धे ज्ञान ऐकले, ही लोकप्रचलित कथाही याच वर्गातील होय.

पश्चिमेकडील परंपरेत भर आहारापेक्षा दृष्टीवर अधिक आहे. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथातील तिसाव्या अध्यायात याकोब साल काढलेल्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या जनावरांच्या पाणवठ्यावर ठेवतो, आणि त्या पाहून कळपास ठिपकेदार व पट्टेदार पिल्ले होतात. एफिससचा वैद्य सोरेनस याने आपल्या स्त्रीरोगविषयक ग्रंथात सायप्रसच्या एका कुरूप राजाची गोष्ट दिली आहे. हा राजा आपल्या पत्नीस सुंदर पुतळ्यांकडे पाहावयास लावी. या सर्व कथांचे गृहीतक एकच आहे. मातेने जे पाहिले, इच्छिले किंवा ऐकले त्याचाच ठसा अपत्यावर उमटतो, म्हणजे कारण आणि कार्य यांचे स्वरूप समान असते. ठिपके पाहिले की ठिपके, सौंदर्य पाहिले की सौंदर्य. पुढील काळात मोडून पडले ते हे सादृश्याचे तत्त्व होय.

२. कल्पनाशक्तीवरील वाद

फ्रेंच तत्त्वज्ञ मालब्रांश याने १६७४ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या सत्यशोधनविषयक ग्रंथात एका जन्मतः मतिमंद व अस्थिभंग झालेल्या तरुणाचे उदाहरण दिले. त्याच्या मातेने गरोदरपणी एका गुन्हेगारास चक्रावर हाडे मोडून मारले जाताना पाहिले होते. मातेच्या मेंदूतील क्षोभ गर्भाच्या कोवळ्या मेंदूत व अवयवांत जसाच्या तसा पोहोचला, असा मालब्रांशचा निष्कर्ष होता. लंडनमधील वैद्य डॅनियल टर्नर याने १७१४ सालच्या त्वचारोगांवरील ग्रंथात याच मताचा पुरस्कार केला.

या मताची उघड नाचक्की झाली ती १७२६ साली. इंग्लंडमधील गोडाल्मिंग या गावच्या मेरी टॉफ्ट नामक स्त्रीने आपण ससे प्रसवतो असा दावा केला. गरोदर असताना सशाचा पाठलाग केल्यामुळे हे घडले, असे तिचे सांगणे होते. राजदरबाराशी संबंध असलेल्या काही वैद्यांनीही त्यावर विश्वास ठेवला. वर्ष संपण्यापूर्वीच तिने फसवणूक कबूल केली. पाठोपाठ १७२७ साली लंडनमधील वैद्य जेम्स ब्लाँडेल याने मातेच्या कल्पनाशक्तीच्या सिद्धांतावर टीका करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि त्याचा टर्नरशी प्रदीर्घ वाद झाला. माता आणि गर्भ यांच्या दरम्यान मज्जातंतूंचा संबंधच नसल्यामुळे मातेचे विचार गर्भापर्यंत जाण्यास मार्ग नाही, हा ब्लाँडेलचा शरीररचनेवर आधारलेला मुद्दा निर्णायक ठरला. विल्यम हंटर याच्या १७७४ सालच्या गर्भाशयविषयक चित्रसंग्रहामुळे माता व गर्भ यांचे रक्ताभिसरणही स्वतंत्र असल्याचे स्पष्ट झाले.

हंटरच्या नावाशी निगडित असलेली दुसरी एक गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. चार्ल्स डार्विनने १८४४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यास लिहिलेल्या पत्रात ती नमूद केली आहे. हंटरने प्रसूतिगृहातील हजारो स्त्रियांना, प्रसूतीपूर्वीच, त्यांच्या मनावर विशेष परिणाम करणारी एखादी घटना घडली आहे काय असे विचारले आणि उत्तरे टिपून ठेवली. नंतर बालके पाहिली असता एकही उत्तर जुळले नाही. मात्र मुलात काही व्यंग दिसल्यावर माता त्यास साजेसे कारण मागाहून शोधून काढीत. परिणाम ठाऊक होण्यापूर्वी कारण लिहून ठेवावे, ही साधी अट घालताच शेकडो वर्षांच्या साक्षी निरुपयोगी ठरल्या.

३. बीजाचे वर्चस्व

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आनुवंशिकतेचा विचार बीजावर केंद्रित झाला. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमन याने १८९२ सालच्या ग्रंथात बीजद्रव्याचा सिद्धांत सविस्तर मांडला. पिढ्यांना जोडणारा धागा केवळ बीजपेशींचा असून शरीराने आयुष्यात मिळविलेले गुण त्यात शिरत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. या सिद्धांताप्रमाणे गर्भाशय हे अंकुराला आधार देणारी जमीन ठरले. जमीन पीक पोसते, पण पिकाची जात ठरवीत नाही.

या मताला प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने दिला. २७ एप्रिल १८९० रोजी त्याने अंगोरा जातीच्या सशाच्या मादीतून दोन फलित बीजांडे काढून बेल्जियन जातीच्या मादीत ठेवली. या मादीचा तिच्याच जातीच्या नराशी नुकताच संयोग झाला होता. तिला सहा पिल्ले झाली. चार बेल्जियन आणि दोन अंगोरा. परक्या गर्भाशयात वाढूनही अंगोरा पिल्लांची लांब केसांची जात अबाधित राहिली. बीज आणि गर्भाशय यांचे वाटे प्रत्यक्ष वेगळे करून दाखविणारा हा पहिला यशस्वी प्रयोग होय. त्याचे श्रेय मोठे आहे. परंतु त्याने जे सिद्ध केले ते जातीच्या लक्षणांपुरतेच होते. आकार, वाढ आणि स्वभाव यांविषयी त्यात निर्णय नव्हता.

आकाराविषयीचा निर्णय १९३८ साली लागला. केंब्रिज येथे आर्थर वॉल्टन व जॉन हॅमंड यांनी शायर जातीचे प्रचंड घोडे आणि शेटलंड जातीची लहानखुरी तट्टे यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. संकरित शिंगरांचा आनुवंशिक वारसा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असताना, शायर घोडीच्या पोटी जन्मलेली शिंगरे शेटलंड घोडीच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची होती, आणि हा फरक पुढेही पुष्कळ अंशी टिकला. बीज सारखे असूनही गर्भाशय भिन्न असल्यास शरीर भिन्न होते, ही गोष्ट यामुळे निर्विवाद झाली. शरीराच्या बाबतीत जे घडते ते वर्तनाच्या बाबतीत घडते काय, हा प्रश्न आता पुन्हा विचारता येण्याजोगा झाला.

४. थॉम्पसनचा प्रयोग

वर्तनाचा अभ्यास करावयाचा तर ते मोजण्याचे साधन हवे. कॅल्व्हिन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली उंदरांसाठी 'मोकळ्या मैदाना'ची कसोटी योजिली. अनोळखी, उजेडाच्या, मोकळ्या जागेत सोडल्यावर उंदीर किती फिरतो आणि किती वेळा मलमूत्र विसर्जन करतो यांवरून त्याच्या भित्रेपणाचे मापन करावयाचे, अशी ती कसोटी होती. दुसऱ्या बाजूने ओहायो राज्यातील फेल्स संस्थेत लेस्टर सॉन्टॅग हा गर्भवती स्त्रियांच्या निरीक्षणावरून, मातेच्या तीव्र भावनिक क्षोभानंतर गर्भाची हालचाल वाढते असे नोंदवीत होता. १९४१ व १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्याने या फरकांच्या पुढील परिणामांविषयी प्रश्न उपस्थित केला. मज्जातंतूंचा संबंध नसला तरी रक्तातून जाणारी द्रव्ये वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतात, हे त्याच्या विवेचनाचे मुख्य सूत्र होते. ब्लाँडेलच्या आक्षेपास दोनशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय.

१९५६ साली विल्यम थॉम्पसन व सॉन्टॅग यांनी मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीव्र ध्वनीमुळे गर्भकाळात आकडी आलेल्या मादी उंदरांची पिल्ले चक्रव्यूहासारख्या वाटा शिकण्यात मागे पडतात, असे त्यात आढळले. परंतु आकडी हा शरीरावरील आघातच होता. भीतीचा परिणाम आघातापासून वेगळा करण्यासाठी थॉम्पसनने नवी योजना आखली आणि तिचा वृत्तांत १९५७ साली 'सायन्स' या नियतकालिकात दिला.

पाच मादी उंदरांना दोन कप्प्यांच्या पेटीत शिकविण्यात आले. बझर वाजला की विजेचा धक्का बसे, आणि मधले दार उघडून पलीकडच्या कप्प्यात पळाल्यास सुटका होई. हे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांचा नराशी संयोग घडविला. गर्भधारणेनंतर त्यांना दररोज तीन वेळा त्याच पेटीत ठेवून बझर वाजविण्यात येई. मात्र आता धक्का दिला जात नसे आणि मधले दार बंद ठेवलेले असे. अशा रीतीने गर्भकाळात शरीरास इजा न होता केवळ धास्ती निर्माण व्हावी, असा हेतू होता. आणखी पाच माद्या तुलनेसाठी होत्या. जन्मानंतर पिल्लांची अदलाबदल करण्यात आली. धास्तावलेल्या मातांची काही पिल्ले शांत मातांकडे आणि शांत मातांची काही धास्तावलेल्या मातांकडे, तर काही स्वतःच्या मातेपाशीच वाढविली. एकंदर ६० पिल्लांच्या चाचण्या ३० ते ४० दिवसांच्या वयात आणि पुन्हा १३० ते १४० दिवसांच्या वयात घेण्यात आल्या. धास्तावलेल्या मातांची पिल्ले मोकळ्या जागेत कमी फिरत आणि आपला पिंजरा सोडून अन्नाकडे जाण्यास अधिक वेळ घेत. प्रौढपणीही हा फरक टिकून होता.

हीपने बीज आणि गर्भाशय यांची फारकत केली होती. थॉम्पसनने दूधआईच्या युक्तीने गर्भाशय आणि संगोपन यांची फारकत करण्याचा यत्न केला. या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या उत्तरापेक्षा या रचनेत अधिक आहे.

५. आक्षेप आणि त्यांचे मूल्य

थॉम्पसनच्या निष्कर्षांवर लवकरच आक्षेप आले. पहिला आक्षेप मोजणीविषयीचा होता. पिल्ले ६० असली तरी माता दहाच होत्या. एका वेतातील पिल्ले एकाच गर्भाशयात, एकाच वेळी वाढलेली असल्यामुळे त्यांची साक्ष परस्परस्वतंत्र मानता येत नाही. परिणाम मातेवर घडविला असेल तर मोजणीचा एककही माताच, पर्यायाने वेतच, असावयास हवा. या कसोटीने पाहता पुरावा वाटला त्यापेक्षा बराच तोकडा होता. ही चूक एकट्या थॉम्पसनची नव्हे. पुढील अनेक दशके या क्षेत्रातील निबंधांत ती पुनःपुन्हा आढळते.

दुसरा आक्षेप काळासंबंधीचा होता. विजेचे धक्के गर्भधारणेपूर्वी दिलेले होते. मग पिल्लांतील फरक गर्भकाळातील धास्तीमुळे आला की मातेने आधीच सोसलेल्या धक्क्यांमुळे? जस्टिन जोफी याने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संयोगापूर्वीचा ताणही संततीच्या वर्तनावर परिणाम करतो, आणि तो परिणाम मातापित्यांच्या आनुवंशिक जातीनुसार बदलतो, असे दाखविले. १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने तोवरच्या सर्व प्रयोगांचे कठोर परीक्षण केले.

तिसरा आक्षेप तर प्रयोगातूनच निर्माण झाला. रॉचेस्टर विद्यापीठातील रॉबर्ट एडर व पीटर काँक्लिन यांनी १९६३ साली गर्भवती उंदरांना रोज केवळ हातात घेऊन हाताळले. त्यांची पिल्ले अधिक भित्री न होता उलट कमी भित्री निपजली. म्हणजे गर्भवतीच्या जीवनात कोणताही अडथळा आला की अपत्याचे नुकसान होते, असा सरसकट नियम नव्हता. परिणामाची दिशा ही अनुभवाचा प्रकार, त्याची तीव्रता, गर्भाचे वय आणि प्राण्याची जात यांवर अवलंबून होती. या तिन्ही आक्षेपांनी प्रश्न निकालात काढला नाही; त्यांनी तो अधिक नेमका केला. 'परिणाम होतो काय' याऐवजी 'कोणत्या मार्गाने, केव्हा आणि किती' असे विचारणे आता भाग झाले.

६. मार्गाचा शोध

मार्गाचा पहिला स्पष्ट पुरावा भीतीच्या नव्हे, तर लैंगिक वर्तनाच्या अभ्यासातून आला. कॅन्सस विद्यापीठातील फीनिक्स, गॉय, जेरॉल व यंग यांनी १९५९ साली गर्भवती गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक दिले. त्यांच्या मादी पिल्लांत प्रौढपणी मादीचे समागमवर्तन कमी आणि नरासारखे वर्तन अधिक दिसले. प्रौढ मादीला तेच संप्रेरक दिल्यास होणारा परिणाम तात्पुरता असतो. गर्भकाळात मात्र ते मेंदूची घडणच बदलते, असा अर्थ त्यांनी लावला. मातेच्या रक्तातील द्रव्य अपत्याच्या कायम वर्तनाला आकार देऊ शकते, हे येथे तत्त्वतः सिद्ध झाले.

इंगेबोर्ग वॉर्ड या संशोधिकेने १९७२ साली हे सूत्र ताणाशी जोडले. गर्भकाळाच्या शेवटच्या आठवड्यात प्रखर प्रकाशाखाली जखडून ठेवलेल्या मादी उंदरांच्या नर पिल्लांत नराचे समागमवर्तन मंदावलेले आढळले. १९८० साली वॉर्ड व जूडिथ वाइझ यांनी त्याचे कारण दाखविले. नर गर्भाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी एरवी गर्भकाळाच्या १८ व्या व १९ व्या दिवशी सर्वाधिक असते. ताणग्रस्त मातांच्या गर्भांत ती १७ व्या दिवशीच वर जाऊन ओसरली होती. त्याच वर्षी फ्रेडरिक फॉम साल व फ्रँकलिन ब्रॉन्सन यांनी लहान जातीच्या उंदरांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट नोंदविली. गर्भाशयात दोन नर भावंडांच्या मध्ये वाढलेल्या मादीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अधिक असते आणि ती पुढे अधिक आक्रमक होते. माता एकच, वेत एकच, तरी गर्भाशयातील जागेप्रमाणे स्वभाव भिन्न. 'मातेची अवस्था' हा शब्दप्रयोग किती ढोबळ आहे हे यावरून ध्यानात येते.

भित्रेपणाच्या बाबतीत संशय मातेच्या अधिवृक्क ग्रंथींवर होता. ताणाच्या वेळी या ग्रंथी जे संप्रेरक सोडतात त्याचे उंदरांतील प्रमुख रूप म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉन. फ्रान्समधील बोर्दो येथे बार्बाझांज व सहकारी यांनी १९९६ साली या संशयाची नेमकी परीक्षा घेतली. गर्भवती उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढून त्यांना संप्रेरकाची केवळ मूळ पातळी राखण्याइतकी मात्रा दिली, तेव्हा ताण देऊनही संततीवर अपेक्षित परिणाम झाला नाही. ताणाच्या वेळी वाढणारी मात्रा बाहेरून दिली तेव्हा तो पुन्हा दिसू लागला. मातेची 'चिंता' गर्भापर्यंत कोणत्या वाहनातून जाते, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होते. या वाहनाला वाटेत अटकावही आहे. वारेतील एक विकर मातेच्या या संप्रेरकाचा बराच भाग निष्क्रिय करतो आणि गर्भाचे संरक्षण करतो. एडिंबरो येथील संशोधकांनी १९९३ पासून त्याच्या कार्याकडे विशेष लक्ष वेधले.

याच बोर्दोच्या गटातील स्टेफानिया मकारी व सहकारी यांचा १९९५ सालचा निष्कर्ष तितकाच मोलाचा आहे. ताणग्रस्त मातांची पिल्ले जन्मतःच दुसऱ्या मातेच्या स्वाधीन केल्यास त्यांच्या ताण-यंत्रणेतील बिघाड पुष्कळसा भरून आला. गर्भाशयात जे घडले ते अटळ नव्हते. संगोपनाची वाटणी गर्भाशयाच्या वाटणीवर मात करू शकत होती.

७. प्रयोगशाळेबाहेर

पिंजऱ्यातील उंदीर ताणामुळे भित्रा झाला की प्रयोगकर्ता त्यास बिघाड म्हणतो. परंतु ज्या रानात शिकारी प्राणी वाढले आहेत तेथे भित्रेपणा हा बिघाड आहे की तयारी? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नव्हता.

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील हिमससे सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात. शेरिफ, क्रेब्ज व बूनस्ट्रा यांनी २००९ व २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, शिकारी प्राणी वाढलेल्या वर्षांत सशांच्या माद्यांतील ताण-संप्रेरकाची पातळी चढते आणि त्यांच्या पिल्लांतही ती चढलेली आढळते, असे दाखविले. शिकवलेल्या कुत्र्याचे भय दाखविलेल्या गर्भवती माद्यांची पिल्ले लहान व हलकी निपजली. शिकारी कमी झाल्यावरही सशांची संख्या काही वर्षे का वाढत नाही, या जुन्या कोड्याचे एक उत्तर मातांच्या या वारशात असावे, असे त्यांचे मत आहे. त्याच प्रदेशातील लाल खारींवर डान्ट्झर व सहकारी यांनी केलेले काम २०१३ साली प्रसिद्ध झाले. शेजारी खारींच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका ऐकवून गर्दीचा भास निर्माण करताच माद्यांतील संप्रेरक वाढले आणि जादा अन्न नसतानाही त्यांची पिल्ले जलद वाढली. गर्दीच्या वर्षी जलद वाढणारे पिल्लूच जागा मिळवून टिकते. येथे मातेचा ताण अपत्याच्या कामी आला.

संगोपनाचा प्रश्न निसर्गानेच सोडविलेला आहे असे उदाहरण कीटकांत सापडते. रातकिड्याची मादी जमिनीत अंडी घालून निघून जाते. तिची व पिल्लांची भेटच होत नाही. जोनाथन स्टॉर्म व स्टीव्हन लिमा यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माद्यांना अशा कोळ्यांच्या सहवासात ठेवले की ज्यांचे दंश मेणाने बंद केलेले होते. कोळी पाठलाग करी, पण मारू शकत नसे. या माद्यांची पिल्ले आडोसा अधिक शोधीत आणि खऱ्या कोळ्याच्या सान्निध्यात अधिक काळ जगत. दूधआईची अदलाबदल करण्याची येथे गरजच नव्हती.

जुन्या कल्पनांशी वरवर साम्य असलेले निष्कर्षही आहेत. गर्भवती सशांना हपुषेची फळे चारल्यास पिल्ले पुढे त्या चवीच्या अन्नाकडे ओढा दाखवितात, असे बिल्को, आल्टबॅकर व हडसन यांनी १९९४ साली दाखविले. अंड्यातील झेब्रा फिंच पक्ष्यांच्या कानी मातापित्यांची उन्हाळ्यातील विशिष्ट हाक पडली तर त्यांची पुढील वाढ बदलते, असे मारिएट व ब्यूकॅनन यांचा २०१६ सालचा निबंध सांगतो. एक डोहाळ्यांची आठवण करून देतो, तर दुसरा अभिमन्यूची. परंतु पहिल्यात अन्नातील द्रव्य प्रत्यक्ष गर्भापर्यंत पोहोचते, आणि दुसऱ्यात गर्भ स्वतःच्या कानांनी ऐकतो. मातेच्या मनातील प्रतिमेला दोन्ही ठिकाणी काही काम उरत नाही.

८. उपसंहार

या इतिहासातून निघणारे निष्कर्ष मर्यादित असले तरी स्पष्ट आहेत. गर्भकाळातील मातेची अवस्था संततीच्या वर्तनावर परिणाम करते, हे अनेक प्राणिजातींत सिद्ध झाले आहे. तो परिणाम संप्रेरके, पोषण आणि वारेची कार्यक्षमता यांच्याद्वारे होतो. विचारातील आशय जसाच्या तसा उतरतो याचा पुरावा नाही. परिणाम नेहमी हानिकारक नसतो, आणि हानिकारक असला तरी नेहमी कायमचा नसतो. महाराष्ट्रात 'गर्भसंस्कार' या नावाने जी पुस्तके व वर्ग प्रचारात आहेत, त्यांच्या समर्थनार्थ अशा प्रयोगांचा हवाला दिला जात असेल तर हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. गर्भवतीस पुरेसे अन्न, विश्रांती आणि निर्भयता मिळावी, या शिफारशीला प्राण्यांवरील संशोधनाचा आधार आहे. तिने अमुक ऐकल्यास अथवा अमुक चित्र पाहिल्यास अमुक गुणांचे मूल होईल, या आश्वासनाला तो नाही.

शेवटी एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. कल्पनाशक्तीचा सिद्धांत मान्य होता तोवर अपत्यातील प्रत्येक व्यंगाचा दोष मातेच्या नजरेवर किंवा इच्छेवर ठेवला जाई. नव्या सिद्धांताचाही असाच दुरुपयोग होऊ शकतो. नजरेच्या जागी तिची चिंता ठेवली की आरोप पूर्ववत उभा राहतो. परंतु वर वर्णन केलेल्या प्रयोगांपैकी एकातही ताणाचे मूळ मातेत नव्हते. सशांच्या मागे शिकारी होते, रातकिड्यांच्या मागे कोळी होता, आणि थॉम्पसनच्या पेटीचे दार प्रयोगकर्त्याने बंद केले होते. माता ही येथे कारण नसून माध्यम आहे. बाहेरची परिस्थिती तिच्या शरीरातून अपत्यापर्यंत पोहोचते. म्हणून या संशोधनाचा व्यावहारिक उपयोग करावयाचा झाल्यास गर्भवतीच्या मनाची झडती घेण्याऐवजी तिच्या भोवतालच्या परिस्थितीची चौकशी करावी, हेच अडीचशे-तीनशे वर्षांच्या या वादातून निघालेले सर्वांत उपयुक्त अनुमान होय.